उलटायचं कुणाला?

दोस्तांनो, गणिताचं पुस्तक जरा वेळ मिटून ठेवा. आज आपल्याला लागणार आहेत दोन पातेली, एक वाटी आणि अमृत कोकमाची एक बाटली. घरात बाटली नसेल तरी हरकत नाही, मनातल्या मनात आणा. मनातलं सरबत सांडत नाही आणि त्याला मुंग्याही लागत नाहीत.

पहिल्या पातेल्यात १ वाटी कोकम आणि ४ वाट्या पाणी घातले. दुसऱ्या पातेल्यात २ वाट्या कोकम आणि ५ वाट्या पाणी घातले. आता सांगा बरं, कोणतं सरबत जास्त गोड लागेल?

मी हा प्रश्न वर्गात विचारला की निम्मी मुलं लगेच ओरडतात, "बाई, दोन्ही सारखंच!" का? तर म्हणे पहिल्या पातेल्यात पाणी ३ वाट्या जास्त आहे आणि दुसऱ्यातही ३ वाट्याच जास्त आहे. फरक सारखा, म्हणून चव सारखी. ऐकायला अगदी बिनतोड वाटतं, नाही?

मग मी म्हणते, ठीक आहे. आता तिसरं पातेलं घ्या, चांगलं मोठं. त्यात १०० वाट्या कोकम आणि १०३ वाट्या पाणी. इथेही फरक तीनच वाट्यांचा. प्याल का हे? या वेळी कोणी ओरडत नाही. सगळ्यांची तोंडं आधीच गिळगिळीत गोड झालेली असतात. निम्मा पाक आणि निम्मं पाणी, ते काय सरबत झालं?

म्हणजे चवीला फरकाशी काही देणं-घेणं नाही. चव विचारते ती एवढंच : एका वाटी कोकमामागे पाणी किती? पहिल्या पातेल्यात एका वाटीमागे ४ वाट्या. दुसऱ्यात दोन वाट्यांमागे पाच, म्हणजे एकीमागे अडीच. तिसऱ्यात एकीमागे जेमतेम एक. दुसरं सरबत पहिल्यापेक्षा गोड आहे आणि तिसरं तर नुसता पाक आहे.

वजाबाकी करून 'कितीने जास्त' हे कळतं. भागाकार करून 'किती पट' हे कळतं. हे जे 'किती पट' आहे, त्यालाच आपण गुणोत्तर म्हणतो. पहिल्या पातेल्यातल्या कोकमाचं पाण्याशी गुणोत्तर १ : ४ आणि दुसऱ्यातलं २ : ५. आता पाहुणे वाढले, सरबत दुप्पट करायचं आहे. पहिल्या पातेल्याच्या चवीचंच हवं असेल तर २ वाट्या कोकमाला ८ वाट्या पाणी लागेल. दोन्हीकडे एक-एक वाटी वाढवून चालणार नाही, दोन्हीकडे पट सारखी हवी. तुमची आई हे रोज करते. चार माणसांचा भात सहा माणसांचा करताना ती तांदूळही दीडपट घेते आणि पाणीही दीडपट, आणि त्यासाठी तिला वहीत काही लिहावं लागत नाही.

जाता जाता एक फसवी जागा दाखवून ठेवते. पहिल्या पातेल्यात कोकम पाण्याच्या पाव आहे. मग अख्ख्या सरबताचा पाव भाग कोकम आहे का? मोजा. सरबत झालं एकूण ५ वाट्या, त्यात कोकम १ वाटी. म्हणजे पाचवा भाग. वर्गात मुली आणि मुलगे यांचं गुणोत्तर ३ : २ असेल तर मुली मुलग्यांच्या दीडपट असतात, पण वर्गाच्या तीन-पंचमांश असतात. प्रश्नात 'कशाच्या' पाव, 'कशाच्या' दीडपट हे वाचल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी तर हे वाक्य दोनदा वाचावं.

आता खरी गंमत. दुसऱ्या पातेल्याबद्दल मी दोन वाक्यं सांगते.

पाणी कोकमाच्या ५/२ पट आहे.

कोकम पाण्याच्या २/५ पट आहे.

दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि पातेलं एकच आहे. मग बदललं काय? बघणाऱ्याची बाजू बदलली. एकदा आपण कोकमाच्या बाजूला उभं राहून पाण्याकडे पाहिलं, एकदा पाण्याच्या बाजूला उभं राहून कोकमाकडे पाहिलं. ५/२ आणि २/५ यांचा गुणाकार करा, १ येतो. अशा दोन संख्यांना एकमेकींचे गुणाकार व्यस्त म्हणतात. पुस्तकात ही व्याख्या एका ओळीत असते आणि आपण ती पाठ करून मोकळे होतो. पण गुणाकार १ का यावा, याचा विचार केलाय? कोकमाकडून निघालात, ५/२ पटीने पाण्यापर्यंत गेलात, आणि २/५ पटीने पुन्हा कोकमापाशी आलात. जिथून निघालात तिथेच परत! 'एक पट' म्हणजे होतं तेवढंच, जागच्या जागी.

विश्वास बसत नसेल तर सायकल काढा. खरी सायकल, गियरवाली नको, साधी घोड्यासारखी उंच असते ती. तिला स्टँडवर उभी करा, मागचं चाक जमिनीपासून अधांतरी राहील अशी. पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राचे दात मोजा. मग मागच्या चाकाला बसवलेल्या फ्रीव्हीलचे दात मोजा. ग्रीस लागेल बोटांना, लागू दे. पण दात मोजताना पेडल कुणी फिरवणार नाही याची आधी खात्री करून घ्या, आणि चाक फिरत असताना चेनजवळ बोट अजिबात न्यायचं नाही. हे मी बाई म्हणून सांगत नाही, ज्यांची बोटं चेनमध्ये सापडलीत त्यांच्या वतीने सांगते.

समजा पुढे ४८ दात भरले आणि मागे १८. तुमच्या सायकलचे आकडे वेगळे असतील तर तेच घ्या. ४८ : १८ म्हणजे ८ : ३. पेडलची एक फेरी झाली की पुढच्या चक्राचे ४८ दात चेनचे ४८ दुवे ओढून घेतात. तेवढेच ४८ दुवे मागच्या फ्रीव्हीलवरून सरकतात. पण फ्रीव्हीलला दात १८. म्हणजे त्याच्या दोन पूर्ण फेऱ्या होतात, त्यात ३६ दुवे जातात. उरले १२, म्हणजे १८ चे दोन-तृतीयांश. पेडल एकदा फिरलं की चाक २ पूर्णांक २/३ वेळा फिरतं, म्हणजेच ८/३ वेळा.

आता मागच्या टायरवर खडूने एक खूण करा. पेडल हाताने सावकाश फिरवा, जोरात नको, नाहीतर फ्रीव्हीलमुळे चाक आपल्या मनाने पुढे धावत राहील. पेडलच्या बरोबर तीन फेऱ्या झाल्या की चाकाच्या आठ फेऱ्या झालेल्या असतील आणि खडूची खूण पुन्हा पहिल्याच जागी दिसेल. तीन आणि आठ. गणिताचं उत्तर असं डोळ्यांसमोर येऊन थांबलेलं बघायला फार मजा येते.

मग उलटं विचारा. चाक एकदा फिरायला पेडल किती फिरवावं लागेल? ३/८ फेरी. अर्ध्या फेरीलाही थोडी कमीच. पेडलच्या बाजूने पाहिलं तर ८/३, चाकाच्या बाजूने पाहिलं तर ३/८. सायकल एकच, चेन एकच.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? दात जास्त कुणाला? पुढच्या चक्राला. फेऱ्या जास्त कुणाच्या? मागच्या फ्रीव्हीलच्या. दातांचं गुणोत्तर ८ : ३, पण फेऱ्यांचं ३ : ८. दात गुणिले फेऱ्या केलं तर मात्र दोन्हीकडे सारखंच येतं : ४८ गुणिले ३ म्हणजे १४४, आणि १८ गुणिले ८ म्हणजेही १४४. का बरं? कारण चेन एकच आहे. जेवढे दुवे पुढून गेले तेवढेच मागून गेले. सातवीत गेलात की 'व्यस्त प्रमाण' नावाचा एक धडा येतो. एक वाढलं की दुसरं त्याच पटीत कमी होतं आणि गुणाकार तसाच राहतो, असं त्यात लिहिलेलं असतं. तो धडा आला की घाबरू नका, ही चेन आठवा.

नकाशातही हाच खेळ असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० या प्रमाणाचे नकाशे असतात. नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंटिमीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर. आता १ : २५,००० चा नकाशा शेजारी ठेवला, तर तुमचं गाव कोणत्या नकाशात मोठं दिसेल? पुष्कळजण पन्नास हजारांवर बोट ठेवतात. आकडा मोठा दिसतो ना! पण तो आकडा खाली आहे, छेदात. १/२५,००० ही संख्या १/५०,००० च्या दुप्पट आहे, म्हणून पंचवीस हजारांच्या नकाशात गाव दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद दिसतं. छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो हे चौथीपासून येत असतं, पण नकाशा समोर आला की विसरायला होतं.

आता आपण त्या भागाकडे वळू या, जिथे बहुतेकांची गाडी अडते : अपूर्णांकांचा भागाकार.

रीत तर सगळ्यांना पाठ असते. भागाकाराच्या जागी गुणाकाराचं चिन्ह घाला आणि उलटा करून गुणा. माझ्या सहावीच्या वर्गात एकदा एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "बाई, पण उलटायचं कुणाला? पहिल्याला की दुसऱ्याला?" मागच्या बाकावरची दोघं फिस्सकन हसली. मी त्या दोघांनाच उभं करून विचारलं, सांगा, कुणाला? एक म्हणाला दुसऱ्याला. का? तर पुस्तकात तसंच आहे म्हणून. दुसरा गप्पच. त्या दिवशी वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न तिने विचारला होता. जी रीत का चालते ते ठाऊक नाही, ती परीक्षेच्या घाईत नेमकी उलटी आठवते.

चला तर, आपल्या सरबताकडेच परत जाऊ. समजा ६ लिटर सरबत तयार आहे आणि ते पाऊण-पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरायचं आहे. किती बाटल्या लागतील? म्हणजे ६ भागिले ३/४. 'भागिले' या शब्दाने दचकू नका. प्रश्न एवढाच आहे की ६ लिटरांत पाऊण लिटर किती वेळा बसतं?

हातात पाव लिटरचं माप घ्या. एका लिटरात अशी ४ मापं, म्हणून ६ लिटरांत २४ मापं. झाला गुणाकार, ४ ने. आता एका बाटलीत किती मापं मावतात? पाऊण लिटर म्हणजे तीन पाव, म्हणून ३ मापं. २४ मापं तीन-तीनच्या गटांत वाटली की झाल्या ८ बाटल्या. झाला भागाकार, ३ ने. आधी ४ ने गुणलं, मग ३ ने भागलं, म्हणजे ४/३ ने गुणलं. बघा, ३/४ आपसूकच उलटला! कुणी मंत्र म्हटला नाही. छेदातला ४ वर गेला, कारण तो लिटराची मापं करतो. अंशातला ३ खाली आला, कारण तो मापांच्या बाटल्या करतो.

आपल्या पणजोबांच्या काळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणायला लावत. तुमच्या घरात कुणी खूप म्हातारं माणूस असेल तर सहज विचारून बघा. 'पाऊण म्हणजे तीन पाव' हे त्यांच्या जिभेवर बसलेलं होतं. आपल्या जिभेवरून ते गेलं आणि ३/४ हे दोन मजली चिन्ह तेवढं उरलं. पाढे परत आणा असं काही मी म्हणत नाही, पण हिशेब करताना 'तीन छेद चार' म्हणण्याऐवजी मनात 'तीन पाव' म्हणून बघा. निम्मी भीती तिथेच जाते.

आता जरा अवघड. सरबत फक्त १ लिटर आहे. पाऊण लिटरच्या किती बाटल्या भरतील? रीतीने केलं तर १ भागिले ३/४ म्हणजे ४/३, म्हणजे १ पूर्णांक १/३. इथे हुशार मुलंसुद्धा थबकतात. एक बाटली भरली आणि सरबत उरलं पाव लिटर, हे तर डोळ्यांना दिसतंय. मग उत्तरात पाव यायला हवं, एक-तृतीयांश कुठून आलं?

थांबा, पुढे वाचू नका. अर्धा मिनिट विचार करा.

केलात? पाव लिटर उरलं हे खरंच. पण आपण विचारलं होतं 'किती बाटल्या', 'किती लिटर' नव्हे. बाटलीत तीन मापं मावतात आणि उरलं आहे एक माप. म्हणजे दुसरी बाटली एक-तृतीयांश भरेल. उरलेलं सरबत लिटराशी ताडलं तर पाव, बाटलीशी ताडलं तर एक-तृतीयांश. पाच वाट्या सरबतातही आपण असंच अडखळणार होतो, आठवतं? कोकम पाण्याशी ताडलं तर पाव, सरबताशी ताडलं तर पाचवा भाग. भागाकारसुद्धा ताडून पाहणंच आहे, म्हणून तोही एक गुणोत्तरच आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधू. सरबत आहे फक्त अर्धा लिटर आणि बाटली तीच, पाऊण लिटरची. दुसऱ्याला उलटलं तर १/२ गुणिले ४/३, म्हणजे २/३. बाटली दोन-तृतीयांश भरली. बरोबरच आहे, बाटलीत तीन मापं मावतात आणि आपल्याकडे दोनच आहेत. आणि चुकून पहिल्याला उलटलं तर? २ गुणिले ३/४, म्हणजे दीड. अर्ध्या लिटरात दीड बाटली! असं होऊ लागलं तर दूधवाल्यांची चंगळच होईल.

चूक कळली. पण आता या चुकीकडे नीट बघा. बरोबर उत्तर २/३, चुकलेलं उत्तर ३/२. अरेच्चा! हे तर एकमेकांचे गुणाकार व्यस्त! योगायोग असेल का? आधीचं उदाहरण तपासा. ६ भागिले ३/४ मध्ये पहिल्याला उलटलं तर १/६ गुणिले ३/४ म्हणजे १/८ येतं. बरोबर उत्तर होतं ८. पुन्हा व्यस्तच! तुम्हाला हवी ती आणखी दोन-तीन उदाहरणं घेऊन पाहा, दर वेळी हेच होतं.

कारण आता तुम्हीच सांगू शकाल. पहिल्याला उलटलं की आपण सरबताच्या बाजूला जाऊन उभे राहतो. '६ लिटरांत बाटल्या किती?' या प्रश्नाचं उत्तर ८. 'एक बाटली म्हणजे ६ लिटरांचा कितवा भाग?' या प्रश्नाचं उत्तर १/८. 'अर्ध्या लिटरात बाटलीचा किती भाग भरेल?' याचं उत्तर २/३. 'बाटली अर्ध्या लिटरच्या किती पट?' याचं उत्तर ३/२. चुकीच्या संख्येला उलटलं तर उत्तर निरर्थक येत नाही, ते विचारलेल्या प्रश्नाच्या उलट प्रश्नाचं उत्तर असतं. म्हणून 'कोणाला उलटू' असं मनात आलं की आधी विचारायचं, माप कोणतं आणि मोजायचं काय? ज्याने मोजायचं तो भाजक, आणि उलटतो तोच.

ही रीत आजकालची नाही बरं का. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात भाजकाचे अंश आणि छेद यांची अदलाबदल करून गुणायला सांगितलं आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही ती आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि 'लीलावती' ११५० च्या सुमाराची, म्हणजे तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण म्हणून ठिकाण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचं सांगणारा शिलालेख तिथे मिळाला. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. गणित शिकवण्यासाठी मठ, आणि त्याची नोंद दगडावर! मला तर हे वाचून शाळेतला फळा थोडा मोठा वाटू लागला.

'लीलावती'तलं एक गणित सांगते. एका हौदाला चार झरे आहेत. पहिला एकटा सोडला तर हौद एका दिवसात भरतो. दुसरा अर्ध्या दिवसात भरतो, तिसरा एक-तृतीयांश दिवसात, चौथा एक-षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल?

पहिली उडी सगळ्यांची बेरजेकडेच असते : १ अधिक १/२ अधिक १/३ अधिक १/६. समच्छेद करायला सोपं, उत्तर येतं बरोबर २ दिवस. पण एकटा पहिला झरा एका दिवसात हौद भरतो, आणि मदतीला आणखी तीन आले तर दोन दिवस लागतील? मदत आहे की खोळंबा? बेरीज बरोबर आहे, पण वेळांची बेरीज इथे करायचीच नव्हती.

मग बाजू बदला. 'हौदाला किती दिवस' असं विचारू नका, 'दिवसाला किती हौद' असं विचारा. पहिला झरा दिवसाला १ हौद. दुसऱ्याला अर्धा दिवस लागतो, म्हणून तो दिवसाला २ हौद भरतो. तिसरा ३, चौथा ६. प्रत्येकाचा व्यस्त घेतला, इतकंच. हौदांची बेरीज मात्र खुशाल करता येते, कारण चारही झऱ्यांचं पाणी एकाच हौदात पडतं. १ + २ + ३ + ६ = १२. दिवसाला १२ हौद, तर एका हौदाला १/१२ दिवस. पुन्हा एकदा उलटलं आणि घरी परत आलो. दिवस चोवीस तासांचा धरला तर दोन तास.

सायकलवर गेलो की हीच भानगड पुन्हा भेटते. आजोळ ३० किलोमीटरवर आहे. जाताना चढ, म्हणून ताशी १० किलोमीटर वेग. येताना उतार, म्हणून ताशी १५. मग सरासरी वेग साडेबारा ना? नाही. जायला ३ तास लागले, यायला २ तास, मिळून ५ तास. अंतर ६० किलोमीटर. ६० भागिले ५ म्हणजे १२. सावकाश चालवताना वेळ जास्त गेला, म्हणून सरासरी त्या बाजूला थोडी झुकली. आजोळ आणखी लांब असतं तर उत्तर बदललं असतं का? ३० च्या जागी ६० घालून पाहा, मग ९० घालून पाहा. काय दिसतं?

आणि हे शेवटचं खास तुमच्यासाठी, वहीच्या मागच्या पानावर करायचं. शाळेच्या गच्चीवरची टाकी नळाने ३ तासांत भरते. टाकीच्या खालची तोटी उघडी राहिली तर भरलेली टाकी ६ तासांत रिकामी होते. आज टाकी रिकामी होती, शिपाईमामांनी सकाळी ७ वाजता नळ सोडला आणि तोटी बंद करायचं राहून गेलं. टाकी कधी तरी भरेल का? भरली तर किती वाजता? आधी नुसता अंदाज लिहा, त्याच्याभोवती गोल करा, आणि मग तासाला किती टाकी ते मांडायला घ्या. झऱ्यांच्या गणितात चौघेही पाणी आत सोडत होते, इथे एकजण बाहेर सोडतोय, एवढं विसरू नका.